चेंडू हलला होता

१२ फेब्रुवारी
आइन सोखना, इजिप्त

आई,

बाबांच्या दफनाला तू आली नाहीस ते बरं केलंस. आली असतीस तर हिनेकने सगळ्या गावादेखत तुला हाकलून दिलं असतं, आणि मी मध्ये पडलो नसतो. तुझं फुलांचं चक्र पोचलं. हिनेकने ते कबरीवरून उचललं आणि कुंपणापलीकडे भिरकावलं. त्याला अडकवलेल्या चिठ्ठीवर तुझा बर्गेनचा पत्ता होता. तो मी खिशात घातला. इतक्या वर्षांनी तू नॉर्वेत आहेस हे मला असं कळलं.

आमचं तुला काय माहीत आहे, मला ठाऊक नाही. हिनेक आता व्यावसायिक गोल्फ खेळतो. टीव्हीवर दिसतं ते नव्हे. त्याच्या खाली एक पायरी असते, आणि तिच्याही खाली आम्ही. हिवाळ्यात इजिप्त आणि मोरोक्को, मग ऑस्ट्रिया, पोलंड, शेवटी जर्मनी. वर्षाअखेरीस गुणांच्या यादीतले पहिले पाच वरच्या पायरीवर जातात. बाकीचे पुन्हा इथेच, नाहीतर घरी जाऊन दातांच्या डॉक्टरांना स्टिक कशी धरायची ते शिकवतात. हिनेकचं हे चौथं वर्ष आहे. मी त्याचा कॅडी, म्हणजे बॅग उचलतो, अंतर मोजतो, वारा सांगतो आणि शिव्या खातो. तो मला लाडाने हमाल म्हणतो.

बाबांनी अंथरुणाला खिळेपर्यंत त्या गोल्फच्या मैदानाचं गवत कापलं आणि उरलेल्या वेळात आम्हा दोघा भावांना घडवलं. कसं, ते तुला सांगायला नको. हिनेकचा फटका चुकायचा, बाबांचा कधी चुकायचा नाही. मी लवकरच खेळ सोडला. हिनेक चिकटून राहिला. दफनानंतर सगळे गुत्त्यात आलुबुखाराची दारू पीत बसले होते. कुणीतरी म्हणालं, "म्हातारा कडक होता, पण पोराला माणूस केलं." हिनेक उठला आणि त्याने खिडकीच्या काचेतून मूठ आरपार घातली. मग शांतपणे खाली बसून म्हणाला, "हं, पुढे बोला."

इथे ऊन छान आहे. समुद्र आहे. काल पहिल्या दोन दिवसांची गाळणी झाली, हिनेक एका फटक्याने बाहेर गेला. खोलीतला आरसा फुटला. हॉटेलवाल्याला मी सांगितलं, दाढी करताना माझ्या हातून पडला. भिंतीत ठोकलेला आरसा हातून कसा पडतो, हे त्याने विचारलं नाही. भला माणूस.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही. द्यायचं झालं तर जुन्याच घराच्या पत्त्यावर दे. स्पर्धांच्या मधल्या दिवसांत आम्ही तिथे असतो.

बोहूश


२५ मार्च
अगादीर, मोरोक्को

आई,

हिनेक जिंकला! शेवटच्या होलवर चेंडू वाळूत होता. मी म्हटलं, "सावकाश." तो म्हणाला, "गप रे हमाला." आणि असा उचलला चेंडू, की तो हिरवळीवर टेकला, त्याने जरा विचार केला आणि मग आत गेला. हिनेक हसला. तो हसतो तेव्हा अजून सहा वर्षांचा दिसतो. तू हे हसणं बघितलेलं आहेस, म्हणून तुलाच सांगतोय. दुसऱ्या कुणाला सांगण्यात अर्थ नाही.

यंदा आमच्या खोलीत तिसरा माणूस आहे. वान्नेस. गेंटचा, बेकरीवाल्याचा मुलगा. खोलीचं भाडं तिघांत वाटायचं म्हणून घेतला, आता मित्रच झालाय. बडबड्या आहे. पहाटे उठून अंडी उकडतो आणि प्रत्येक अंड्यावर पेनाने आमची नावं लिहितो. माझ्या अंड्यावर लिहितो 'हमाल', हिनेकच्या अंड्यावर 'महाराज'. हिनेकला ते आवडतं. वान्नेस त्याच्याशी जे बोलू शकतो ते मी बोललो तर माझं काही खरं नाही.

दुसऱ्या दिवशी एक वाईट प्रकार झाला. हिनेकचा फटका पाण्यात गेला आणि त्याने स्टिक फेकली. तिथे एक म्हातारा माळी वाफ्याशी वाकलेला होता. स्टिक त्याच्या नडगीवर बसली. हाड दिसलं. मी धावलो, पण हिनेक माझ्या आधी पोचला. त्याने म्हाताऱ्याला पाठीवर घेतला आणि थेट कार्यालयापर्यंत नेला. वाटभर रडत होता, "मार मला काका, तुझ्या हाताने मार." म्हातारा बिचारा वेदनेने कण्हत होता, वर ह्याचीच समजूत काढत होता. बाबाही आम्हाला झोडपून झाल्यावर गोड धिरडी करायचे आणि आम्ही खात असताना डोळे पुसायचे. त्या धिरड्यांचा वास मला अजून सहन होत नाही.

पंचांनी ताकीद दिली. पुढच्या वेळी घरी, म्हणाले.

माझ्या ओठाला टाके पडलेत, पण त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. समुद्रावरच्या खडकांवर घसरलो. वान्नेसने माझ्या गळ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुमच्याकडच्या खडकांना बोटं असतात का रे?"

बोहूश


१८ मे
स्टायरिया, ऑस्ट्रिया

आई,

तुझं पत्र घरच्या पेटीत पडलं होतं. एवढा मोठा कागद आणि त्यावर एकच ओळ. "तो तुला मारतो का?"

आधी मी तो कागद फाडला. हा प्रश्न तुला आत्ता सुचला? तू गेलीस त्या दुपारी चुलीवर लसणाचं सूप ठेवून गेली होतीस. बाबा आले. हिनेकने विचारलं, आई कुठाय? एवढंच विचारलं. बाबांनी पातेलं उचललं. त्याच्या मानेवर जो डाग आहे ना, लोकांना ती जन्मखूण वाटते. मी त्याला हौदात बसवलं, वरून पाणी ओतत राहिलो, आणि तो एकच म्हणत होता, "तिला सांगू नको, ती परत यायची नाही." त्याला वाटत होतं तू बाजारात गेली आहेस.

आम्हा दोघांना घेऊन तुला जाता आलं नसतं, हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच कळलं होतं की तू एकटी गेलीस.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, मारतो. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हापासून. आधी ढकलायचा. मग हात. मागच्या आठवड्यात घाटात त्याने गाडी थांबवायला लावली. आदल्या दिवशी मी एक अंतर चुकीचं सांगितलं होतं, त्याचा चेंडू झाडीत गेला होता. ते त्याला घाटात आठवलं. मला रस्त्याच्या कडेला उतरवलं आणि बॅगेतली मोठी छत्री काढली. तिची दांडी मोडेपर्यंत मारलं. गाड्या येत-जात होत्या. एकीतल्या मुलाने काचेला नाक लावून बघितलं. वान्नेस मागच्या सीटवर झोपला होता, तो जागा झाला आणि धावत येऊन मध्ये उभा राहिला. हिनेकने त्याला हात लावला नाही. "बाजूला हो, हे घरचं आहे," एवढंच म्हणाला.

"घरचं आहे म्हणूनच खिडकी उघडली," वान्नेस म्हणाला. "वास येतोय."

मग तो मला बाजूला घेऊन गेला. "बोहूश, तू त्याच्याहून उंच आहेस. जाड आहेस. बैल आहेस तू. एक ठेवून दे ना."

मी म्हटलं, "नाही."

"एक दिवस तो तुला संपवेल, नाहीतर तू त्याला. मी दोघांच्याही दफनाला येणार नाही. बूट खराब होतात."

मला काय वाटायचं सांगतो. बाबांचा हात हिनेकच्या अंगात आला. आमच्या घरात निदान एक हात असा राहावा जो उठत नाही. तो माझा. ह्यात मोठेपणा नाही, आई. भीती आहे. माझ्या अंगातही तो हात असला तर, ही भीती.

सध्या हिनेक यादीत चौथा आहे. वर गेला की बदलेल. वर चांगली मैदानं आहेत, चांगली हॉटेलं, एक मनाचा डॉक्टरही असतो म्हणे. फक्त हा हंगाम निघायला हवा.

बोहूश


२० ऑगस्ट
व्रोत्सवाफजवळ, पोलंड

आई,

तुझी तीनही पत्रं मिळाली. बर्गेनमधल्या म्हाताऱ्यांना तू जेवण भरवतेस, तिथे सतत पाऊस असतो, तू लग्न केलं नाहीस, सगळं वाचलं. 'त्याला सोडून ये' हेही वाचलं. ते तुला जमतं, मला जमत नाही. हे टोचून लिहिलं आहे, मला माहीत आहे. खोडत नाही.

काल जे झालं ते तुला सांगतो, कारण इथे सांगायला कुणी उरलेलं नाही.

शेवटचा दिवस होता. हिनेक आणि वान्नेस एकाच जोडीत खेळत होते. आमच्या खेळात आपलं कार्ड आपण लिहीत नाही. हिनेकचे फटके वान्नेस लिहितो, वान्नेसचे हिनेक, आणि शेवटी दोघे सह्या करतात. प्रत्येक होलवर पंच नसतो. माणूस खरं बोलतो असं धरूनच हा खेळ चालतो.

हिनेक पुढे होता. चौदाव्या होलवर त्याचा चेंडू लांब गवतात गेला. मी बॅग घेऊन त्याच्या मागे उभा होतो, वान्नेस पलीकडे. हिनेक वाकला. चेंडू आपलाच आहे का ते बघतोय असं दाखवत त्याने स्टिकचं डोकं चेंडूमागे टेकवलं, गवत दाबलं, आणि पुढे सरकवलं. चेंडू खड्ड्यातून निघून गवताच्या गादीवर येऊन बसला. वीतभर हलला असेल. मग त्याने सुंदर फटका मारला.

खेळ संपल्यावर कार्डांच्या तंबूत वान्नेसने पेन खाली ठेवलं. "हिनेक, चौदाव्यावर चेंडू हलला. तूच सांग पंचांना. दंडाचे फटके लागतील, तरी तू पहिल्या दहात राहशील. मी सांगण्यापेक्षा तू सांगितलेलं बरं."

"काय हलला? तुझी मान हलली."

"अरे महाराज, मी बघितलं."

"लांबून बघितलंस. हा हमाल माझ्या पाठीशी उभा होता. विचार त्याला."

पंचबाई आल्या. आयरिश आहेत, आवाज कधी चढत नाही त्यांचा. त्यांनी हिनेकला विचारलं, तो नाही म्हणाला. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सर्वांत जवळ होता. चेंडू हलला का?"

वान्नेस माझ्याकडे बघतही नव्हता, एवढी त्याला माझी खात्री होती. तो पाण्याची बाटली उघडत होता.

मी म्हणालो, "नाही. जिथे होता तिथूनच मारला."

बाटलीचं झाकण त्याच्या हातातच राहिलं. पंचबाईंनी अजून एकदा विचारलं, मी अजून एकदा तेच म्हणालो. दोघांविरुद्ध एक. कार्ड मान्य झालं, हिनेक दुसरा आला. यादीत आता तिसरा आहे. एक स्पर्धा उरली, जर्मनीतली. वर जाणं जवळजवळ पक्कं.

वान्नेसने खोलीतून सामान उचललं. दुसऱ्या कुणी त्याला खोलीत घेतलं नाही. जो सहकाऱ्यावर खोटा आळ घेतो तो माणूस आता तोच झाला ना. सकाळी न्याहारीच्या वेळी एक फिनलंडचा खेळाडू त्याच्या पाठीमागून कोंबड्यासारखा आरवला आणि सगळे हसले. वान्नेसने ताटलीतलं संपवलं आणि ताटली उचलून ठेवून गेला.

हिनेकने मला मिठी मारली. "बोहूश, तू माझा भाऊ आहेस," म्हणाला. बाबांच्या दफनानंतर आज पहिल्यांदा त्याने मला नावाने हाक मारली.

मला खूप आनंद झाला, आई. हे सगळ्यात वाईट.

बोहूश


२९ सप्टेंबर
लांड्सहूट, जर्मनी

आई,

हे पत्र दवाखान्याच्या व्हरांड्यातून लिहितोय. आधी हे की हिनेक जिवंत आहे. वान्नेसही आहे. तू पुढचं बसून वाच.

शेवटच्या स्पर्धेची सकाळ. आमची गाडी मैदानाच्या वाहनतळाच्या टोकाला, झाडांखाली होती. ती जुनी व्हॅन, मागचं दार वर उचलावं लागतं, लोखंडी, जड. मी बॅग भरत होतो. वान्नेस आला. वाळलाय. डोळ्यांखाली काळं आलंय.

"मी तुझ्याकडे काही मागायला आलो नाही," तो म्हणाला. "पंचांना सांग असंही म्हणत नाही. मी आजच्यानंतर खेळ सोडतोय, बाबांच्या बेकरीत जातोय. फक्त रोज झोपताना वाटतं, कदाचित मलाच चुकीचं दिसलं असेल. मला वेड लागायची पाळी आली आहे, बोहूश. तू एकदा सांग. पाहिलंस की नाही?"

मी म्हणालो, "पाहिलं. चेंडू हलला होता."

त्याने श्वास सोडला. खांदे खाली आले. "बस," म्हणाला. "एवढंच हवं होतं." आणि मला वाटतं तो हसला.

हिनेक गाडीच्या पुढच्या बाजूला पायरीवर बसून बूट बांधत होता. मला वाटलं होतं तो सरावाला गेलाय.

तो आला तेव्हा हातात लोखंडी स्टिक होती. काही बोलला नाही. ओरडलाही नाही. बाबा ओरडायचे, हा गप्प होता. वान्नेस वळला आणि पहिला फटका त्याच्या चेहऱ्यावर आडवा बसला. तो आवाज मला लिहिता येत नाही. वान्नेस गुडघ्यांवर आला, हात चेहऱ्यावर, बोटांमधून रक्त. दुसरा फटका हातांवर. तिसरा पाठीवर. हिनेक मापात मारत होता, आई, पाय नीट रोवून, खांदा पूर्ण फिरवून, जसा बाबांनी शिकवला तसा. चौथा गाडीच्या कडेला लागला आणि स्टिक मधोमध मोडली.

मी त्याच्यावर पडलो. त्याने कोपराने माझं नाक फोडलं, मला झटकलं आणि दुसरी स्टिक घ्यायला गाडीत हात घातला. डावा हात. बॅग आत होती, मनगट दाराच्या चौकटीवर टेकलेलं. वान्नेस जमिनीवर रांगत होता, कुठे जातोय ते त्याला दिसत नव्हतं.

मी वरचं दार धरलं आणि खाली आणलं.

हिनेक किंचाळला. हात चौकटीतच होता. मी दार उचललं. तेव्हा तो हात काढून घेऊ शकला असता, काढतच होता. मी दार पुन्हा खाली आणलं. अंगातलं सगळं बळ लावून. पहिल्यांदा आणलं ते त्याला थांबवायला. दुसऱ्यांदा कशासाठी ते मला पक्कं माहीत आहे, आणि तुलाही कळेल. पाण्याच्या हौदापासूनचं सगळं त्या दारात होतं.

लोक धावत आले. हिनेक चाकाला टेकून बसला होता. मनगटाच्या खाली हात हातासारखा उरला नव्हता. त्याने माझ्याकडे बघितलं. चेहरा पांढराफटक, पण आवाज शांत.

"शेवटी मारलंस," म्हणाला. "बाबा खूश झाले असते."

डॉक्टर म्हणतात वान्नेसचा डावा डोळा गेला. गालाचं हाड बसवलंय. हिनेकचा हात वाचला, पण बोटं मिटणार नाहीत. तो पुन्हा स्टिक धरू शकणार नाही. त्याच्या खोलीबाहेर पोलीस बसलाय.

एक पोलीसबाई माझा जबाब घ्यायला आली. मी सगळं सांगितलं. दारही सांगितलं, दोन्ही वेळचं. ती लिहिता लिहिता थांबली. "तुमचा भाऊ वेगळं सांगतो. म्हणतो, गाडी जुनी आहे, दार आपोआप पडलं."

"दोनदा?"

"दोनदा, म्हणतो. मीच तर तिथे होतो, म्हणतो."

मी म्हटलं, "तो खोटं बोलतोय."

"तक्रार त्याने करायची असते. तो करत नाही. आणि एका माणसाचा जीव वाचला तो त्या दारामुळे, हे बघणारे पाच जण आहेत. नाक दाखवून घ्या तुमचं."

मग मी पंचबाईंकडे गेलो. पोलंडमध्ये मी खोटं बोललो ते त्यांच्यासमोर सांगितलं आणि सही केली. त्यांनी कागद घडी करून ठेवला. मग म्हणाल्या, "त्या दिवशी बोलला असतात तर दंडाचे फटके लागले असते. एवढंच."

एवढंच, आई.

मी हिनेकच्या खोलीत जाणार नाही. जाऊ शकत नाही. आजवर त्याला अन्न, औषध, इस्त्रीचे शर्ट मी दिले, शिव्या आणि छत्री मी खाल्ली. आता तुझी पाळी आहे. दवाखान्याचा पत्ता पाकिटावर आहे. येणार असशील तर एवढं लक्षात ठेव. तो ओरडत असला तर घाबरू नकोस. गप्प झाला की उठून उभी राहा. बाबांचं ह्याच्या उलट होतं, ते तुला माहीत आहे.

बोहूश


६ मार्च
गेंट, बेल्जियम

आई,

लांड्सहूटमधल्या तुझ्या भाड्याच्या खोलीचा पत्ता वकिलाने दिला. तू तुरुंगात त्याला दर गुरुवारी भेटायला जातेस असंही तो म्हणाला, आणि कधी कधी हिनेक भेटायला नकार देतो, तेव्हा तू भेटीची वेळ संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहतेस.

शिक्षा साडेचार वर्षं. तू निकालाच्या दिवशी कोर्टात पहिल्या रांगेत होतीस, मी शेवटच्या. मी साक्ष दिली तेव्हा तू मान खाली घातलीस. मला राग आला नाही.

नंतर मी इथे आलो. वान्नेसच्या घरी जायचं धाडस व्हायला आठवडा लागला. खाली बेकरी आहे. त्याचे वडील पिठाच्या हातांनी बाहेर आले. मी नाव सांगितलं. त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. अशी सणसणीत, की दुकानातल्या बायका भिंतीला चिकटल्या. मी उभा राहिलो. मग ते म्हणाले, "आत ये. पाव गरम आहे."

वान्नेस वर होता. मी येऊ नये असा त्याने निरोप पाठवला. पुन्हा गेलो, पुन्हा तोच निरोप. चौथ्या खेपेला तो खाली आला. काळी पट्टी, गाल एका बाजूला बसलेला. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाला, "माफी मागितलीस तर वर जाईन." म्हणून मी काही बोललो नाही. आम्ही उभे राहिलो. मग तो म्हणाला, "पाठीचं दुखणं अजून आहे. पोती उचलता येत नाहीत. तुला उचलता येतात ना? हमाल आहेस ना?" आता मी सकाळी पिठाची पोती उचलतो. तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. कधी कधी तेवढंही नाही. तक्रार नाही माझी.

मी आता हात कुणावरही उचलणार नाही असं लिहिणार होतो. लिहीत नाही. एकदा उठलेला हात आहे हा. पीठ मळताना मी त्याच्याकडे बघतो.

एक गोष्ट तुला माहीत नाही. ऑक्टोबरमध्ये तू दवाखान्यात आलीस, त्या दिवशी मी तिथेच होतो. सामान न्यायला आलो होतो. व्हरांड्यातून तू जाताना दिसलीस. केस पांढरे झालेत, पण चालणं तेच, एक खांदा पुढे. पोलिसाने तुला आत सोडलं. मी दाराच्या काचेतून बघत राहिलो. आवाज येत नव्हता.

हिनेक भिंतीकडे तोंड करून पडला होता. तू पलंगाला लागून खुर्ची ओढलीस आणि बसलीस. काहीतरी बोललीस. तो हलला नाही. तू पुन्हा बोललीस आणि त्याच्या मानेवरच्या डागाला हात लावलास. तेव्हा तो एकदम वळला आणि प्लास्टर घातलेला हात तुझ्या तोंडावर मारला. तुझी मान मागे गेली. पोलीस उठला. माझा हात दाराच्या मुठीवर होता.

तू पोलिसाला हाताने थांबवलंस. उभी राहिलीस. मला वाटलं, निघाली. तू तोंड लपवणाऱ्यांतली कधीच नव्हतीस, रुमालाने ओठाचं रक्त पुसलंस, रुमाल घडी करून खिशात ठेवलास. मग खुर्ची उचललीस, त्याचा हात पोचणार नाही इतकी मागे ठेवलीस, आणि परत बसलीस.

मी दारावरचा हात काढला. जिन्याने खाली आलो. हे तुला इतके दिवस सांगायचं होतं.

बोहूश